श्वासाचे चित्र

एमआरआय हा शब्द एके काळी मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतच ऐकू येई. आता तो घराघरांत येऊन बसला आहे. कंबर धरली, गुडघा कुरकुरला, मान अवघडली की कोणीतरी ‘एकदा एमआरआय काढून घ्या’ असे सांगतेच, आणि कपाटावरच्या त्या मोठ्या पाकिटांची चळत वाढत जाते. मग येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक फिल्म खिडकीसमोर धरतो, डोळे बारीक करतो आणि काहीतरी कळल्यासारखी मान हलवतो. मणका दिसतो, त्यातली सरकलेली गादी दिसते, मेंदूच्या घड्या तर अक्रोडासारख्या स्वच्छ दिसतात. पण छातीचा एमआरआय काढला, तर त्यात एक विलक्षण गोष्ट आढळते. हृदय दिसते, बरगड्यांमधले स्नायू दिसतात, खालचे यकृत दिसते; आणि ज्यांच्यासाठी छातीचा हा एवढा पिंजरा उभा आहे, ती दोन फुप्फुसे मात्र काळीकुट्ट. जणू तिथे काही नाहीच.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. बँकेत सदतीस वर्षे नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. एका कादंबरीतले पात्र दम्याचे होते. ते खोटे वाटू नये म्हणून दम्याबद्दल वाचायला घेतले आणि वाचता वाचता या काळ्या फुप्फुसांशी येऊन अडखळलो. कादंबरी केव्हाच छापून झाली, विकली गेली तेवढी गेली. हा विषय मात्र सुटला नाही. कारण त्यात पदार्थविज्ञान आहे, अणुबॉम्ब आहे, बाजार आहे, आणि ‘मला दम लागतो हो’ असे सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, हा आपल्या घरातलाही प्रश्न आहे.

फुप्फुसे काळी का दिसतात, ते आधी पाहू. एमआरआयचे यंत्र आपल्या शरीरातल्या पाण्याचे चित्र काढते. पाण्यात हायड्रोजन असतो आणि हायड्रोजनच्या अणूचे केंद्र, म्हणजे प्रोटॉन, एका इवल्याशा लोहचुंबकासारखे वागते. यंत्राच्या बलाढ्य चुंबकात माणसाला सरकवले की हे छोटे चुंबक त्या क्षेत्राच्या दिशेने किंवा विरुद्ध दिशेने उभे राहतात. आता गंमत पाहा. दोन्ही बाजूंची संख्या जवळजवळ सारखीच असते. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रात दर १० लाख प्रोटॉनांमागे क्षेत्राच्या बाजूचे जास्त भरतात ते साधारण पाच. बाकीचे एकमेकांना रद्द करतात. एमआरआयचे सारे चित्र, ज्याच्यासाठी आपण हजारो रुपये मोजतो, ते या पाचांच्या जोरावर उभे असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि नावे दोन्हीकडे प्रचंड उलाढाल आणि खाली शिल्लक पाच रुपये. शरीरात पाणी एवढे मुबलक आहे की हे पाच रुपयेसुद्धा पुरतात.

फुप्फुसात मात्र पाणी थोडे आणि हवा फार. कोट्यवधी वायुकोशांचा तो स्पंज. त्यातून हवा आणि ऊतक यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र विस्कटते आणि जो थोडा संकेत मिळायचा तोही क्षणार्धात विरून जातो. मग फुप्फुसातल्या वायूचेच चित्र का काढू नये? कारण वायू विरळ असतो. पाण्यात जेवढे अणू दाटीवाटीने बसतात त्याच्या हजारातला एखादा हिस्सा वायूत. दर १० लाखांमागे पाच आणि मुळात लाखच कमी! अशा खात्यावर कोणता चेक वटणार?

एक्स-रे आणि सीटी स्कॅन आहेतच की, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि त्यांचे उपकार थोर आहेत. पण ते घराच्या भिंती दाखवतात. त्या घरात वारा खेळतो की नाही, कोणत्या खोलीत कोंडले आहे, हे भिंतींवरून नेहमी कळत नाही. नळीत फुंकायची चाचणी दोन्ही फुप्फुसांचा मिळून एकच आकडा देते. संपूर्ण शाखेचा ताळेबंद, पण कोणते खाते बुडीत आहे ते त्यात नाही. किरणोत्सारी वायू किंवा फवारा हुंगवून काढायचे चित्रही जुने आहे, परंतु ते धूसर येते आणि त्यात किरणोत्सार आलाच.

या अडचणीतून वाट निघाली ती रुग्णालयातून नव्हे. तिचे मूळ पॅरिसला सापडते. आल्फ्रेड कास्तलर नावाचे फ्रेंच पदार्थवैज्ञानिक तेथील एकोल नॉर्मालमध्ये अणूंवर प्रकाश टाकून पाहत होते. १९५० साली त्यांनी कल्पना मांडली, की योग्य प्रकारचा, विशिष्ट दिशेने पीळ दिलेला प्रकाश अणूंवर सोडला तर त्यांची चुंबकीय दिशा आपल्याला हवी तशी एकीकडे वळवता येईल. विहिरीतले पाणी पंपाने वर चढवावे तसे हे अणू प्रकाशाने वर चढवायचे. त्याला ‘प्रकाशीय पंप’ असेच नाव पडले. या कामासाठी कास्तलर यांना १९६६ चे नोबेल मिळाले. फुप्फुसे त्यांच्या मनात असण्याचे कारणच नव्हते. एमआरआय तेव्हा जन्मायचा होता. पॉल लॉटरबर यांचे पहिले चुंबकीय चित्र छापले गेले ते १९७३ साली.

कास्तलर यांची युक्ती रुबिडियमसारख्या धातूच्या वाफेवर उत्तम चालते. रुबिडियम हा मोठा नाजूक धातू. ३९ अंशांना वितळतो, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात टेबलावर ठेवला तर आपोआप पातळ होईल. आणि हवा लागली की पेट घेतो, म्हणून तो बंद काचेतच ठेवावा लागतो. फुप्फुसात घ्यायला तो अर्थातच उपयोगाचा नाही. पण १९६० साली असे दिसून आले की प्रकाशाने वळवलेला रुबिडियमचा अणू हेलियमसारख्या निष्क्रिय वायूच्या अणूवर आदळला, तर आपली दिशा तो त्या वायूच्या अणुकेंद्राला देऊन टाकू शकतो. उदबत्तीवरून उदबत्ती पेटवावी तसे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात विल्यम हॅपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची काही दशके ही देवाणघेवाण कशी होते याचा कसून अभ्यास केला. असा वळवलेला हेलियम वापरून पदार्थवैज्ञानिकांनी न्यूट्रॉनच्या अंतरंगाचे प्रयोग केले. तोवर हा सारा मामला अणुविज्ञानाच्या चार भिंतींतला होता.

जुलै १९९४ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात एक छोटा निबंध आला. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकचे रसायनवाले आणि प्रिन्स्टनचे पदार्थविज्ञानवाले एकत्र येऊन त्यांनी उंदराच्या फुप्फुसांत असा ‘पेटवलेला’ झेनॉन वायू भरला होता आणि त्याचे एमआरआय चित्र काढले होते. फुप्फुसे उंदराच्या शरीरातून बाहेर काढलेली होती. पण चित्रात ती उजळली होती. नेहमी काळी दिसणारी जागा पांढरी दिसत होती. (स्टोनी ब्रूक हे लॉटरबर यांचेच विद्यापीठ, त्यांचे पहिले चित्र तिथलेच.) दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, जर्मनीतील माइन्झ आणि अमेरिकेतील ड्यूक येथून जिवंत माणसांच्या फुप्फुसांची तशीच चित्रे प्रसिद्ध झाली. त्यात वायू हेलियम होता.

अशा वायूंना ‘हायपरपोलराइज्ड’ म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. नेहमीच्या दर १० लाखांमागे पाचाच्या जागी इथे शंभरातले दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त अणुकेंद्रे एकाच दिशेने उभी केलेली असतात. वायू विरळ असला तरी आता प्रत्येक अणू दहा हजार ते लाख पटींनी मोठ्याने बोलतो. आपण ‘कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय’ म्हणतो तेव्हा शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात. ते स्वतः चित्रात उतरत नाही, आसपासच्या पाण्याचा संकेत बदलते. इथे वायू स्वतःच चित्र आहे. सुई नाही, किरणोत्सार नाही. एक श्वास घ्यायचा आणि धरून ठेवायचा.

पण या श्रीमंतीत एक मोठी मेख आहे, आणि ती बँकेतल्या माणसाला चटकन कळते. साध्या एमआरआयमध्ये पाण्यातल्या प्रोटॉनांचा तोल यंत्राने ढळवला, तरी सेकंद-दोन सेकंदांत ते पुन्हा जागेवर येतात. ते पेन्शनीसारखे आहे. रक्कम लहान, पण दर महिन्याला जमा होणार. म्हणून यंत्र तेच माप पुन्हा पुन्हा घेत राहते आणि आपण त्या बोगद्यात खडखडाट ऐकत अर्धा तास पडून राहतो. पेटवलेला वायू म्हणजे एकरकमी मिळालेली ग्रॅच्युइटी. एकदाच मिळणार, तिच्यावर व्याज नाही, आणि यंत्राचा प्रत्येक लहरठोका म्हणजे तिच्यातून काढलेले पैसे. शिवाय फुप्फुसातला प्राणवायू स्वतः चुंबकीय असल्याने तोही ही शिल्लक कुरतडत असतो. वीस-तीस सेकंदांत बरीचशी ओसरते. त्यामुळे चित्र काढणाऱ्याला थोडे थोडे काढून, हिशेबाने, एका श्वासात सारा व्यवहार उरकावा लागतो. बहुतेक चित्रे दहा-पंधरा सेकंदांत पुरी होतात.

त्याच कारणाने हा वायू सिलिंडरमध्ये भरून गावोगाव पाठवता येत नाही. तो रुग्णालयातच, यंत्राच्या जवळ तयार करावा लागतो. काचेच्या ऊबदार कुपीत रुबिडियमची वाफ, तिच्यावर डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा अवरक्त लेसर, त्यातून वाहणारा झेनॉन. बाहेर पडताना रुबिडियम वेगळा काढतात, झेनॉन द्रव नायट्रोजनच्या थंडीत बर्फासारखा गोठवतात (गोठलेल्या अवस्थेत, चुंबकाजवळ, त्याची पुंजी काही तास टिकते), मग वितळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतात आणि ती पिशवी घेऊन माणूस लगबगीने रुग्णाकडे जातो. एवढ्या अत्याधुनिक यंत्रणेच्या शेवटच्या टप्प्यावर हातात पिशवी घेऊन चालणारा एक माणूस असतो, हे वाचून मला का कोण जाणे बरे वाटले.

या चित्रांत दिसले काय? निरोगी माणसाची फुप्फुसे सारखी उजळलेली. दम्याच्या रुग्णाची मात्र चट्ट्याचट्ट्यांची. काही कोपऱ्यांत वायू पोचलेलाच नाही. दमा म्हणजे सगळ्या नळ्या सारख्याच आवळतात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात एक भाग मोकळा आणि शेजारचा बंद, असे चित्र निघाले. नव्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्जिनिया विद्यापीठातील डॉक्टरांनी दाखवले, की फुंकण्याच्या चाचणीत ज्यांचे आकडे ठीक आले अशा काही दमेकऱ्यांच्या फुप्फुसांतही हे काळे चट्टे असतात. आकडा बरोबर आणि माणूसही बरोबर, अशी ही परिस्थिती.

हे वाचताना मला आमचे एक हेड कॅशियर आठवले. गोष्ट १९८८ ची. तालुक्याच्या गावची शाखा, मी तिथे अकाउंटंट. हेड कॅशियर चाळिशीचे, कामाला चोख. नोटा मोजताना त्यांच्या बोटांकडे पाहत राहावे. त्यांना दम लागायचा. स्ट्राँगरूमच्या सात पायऱ्या चढून आले की कठड्याला धरून उभे राहत. पावसाळ्यात दोन-दोन आठवडे रजा. एक्स-रे काढला, स्वच्छ. पॅनेलवरच्या डॉक्टरांनी लिहिले, विशेष काही आढळत नाही. त्यांची वैद्यकीय रजा मी शिफारस करून वर पाठवली. वरून ती बिनपगारी होऊन परत आली, सोबत ‘कर्मचाऱ्याने कामात रुची घ्यावी’ असा शेरा. तो कागद त्यांच्या हातात द्यायचे काम माझ्याकडे आले. त्यांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. म्हणाले, “साहेब, खोटी नोट मी अंधारात हातानं ओळखतो. माझा दम खरा की खोटा, हे यांनी कशावरनं ओळखलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. शाखेत हळूहळू त्यांच्या नावापुढे ‘नाटकी’ हा शब्द चिकटला. घरीही वेगळे नसावे, त्यांच्या पत्नी एकदा पगाराच्या चौकशीला आल्या तेव्हा म्हणाल्या, “डॉक्टर काही नाही म्हणतात, आणि हे रात्रभर उशाशी टेकून बसतात. आम्ही कोणाचं ऐकायचं?” २००१ मध्ये बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा ते पहिल्याच फळीत बाहेर पडले. झेनॉनच्या चित्रात त्यांच्या छातीत अमुक दिसले असते, असे मी म्हणणार नाही. दम लागण्याला कारणे पुष्कळ. हृदय, रक्त, मनही. पण ‘यंत्राला दिसले नाही’ आणि ‘नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आपल्या समाजात पहिले वाक्य दुसऱ्यासारखे वाचण्याची सवय आहे, आणि तिची किंमत अशी माणसे चुकवतात.

आता हेलियमकडे वळतो. सुरुवातीच्या काळात झेनॉन मागे पडला आणि हेलियम पुढे गेला, कारण त्याचे अणुकेंद्र जास्त जोरकस चुंबक आहे. चित्र अधिक ठसठशीत येते. पण हा फुग्यातला हेलियम नव्हे, आणि एमआरआयच्या चुंबकाला थंड ठेवतो तोही नव्हे. तो ‘हेलियम-३’. निसर्गात जवळजवळ न मिळणारा.

हेलियम म्हटले की मराठी माणसाला विजयदुर्ग आठवतो. किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्या’वरून हेलियमचा शोध लागला, असे तिथे अभिमानाने सांगतात. अभिमानाला माझी हरकत नाही, पण तारखा जरा वेगळ्या आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते ते आंध्रातल्या गुंटूरला, आणि नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यप्रकाशातली ती अनोळखी पिवळी रेघ अभ्यासली ती त्याच वर्षी इंग्लंडात बसून. लॉकियर विजयदुर्गाला आले हे मात्र खरे. ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेच्या गाळातून झेनॉन वेगळा काढला आणि ग्रीक भाषेत त्याला ‘परका’ असे नाव दिले. दोन्ही वायूंचे धागे असे एका वर्षात गुंतलेले आहेत.

तर हेलियम-३ येतो कुठून? हायड्रोजन बॉम्बमधून. त्या बॉम्बसाठी ट्रिटियम लागतो. ट्रिटियम टिकाऊ नाही, १२.३ वर्षांत निम्मा संपतो आणि संपताना त्याचा हेलियम-३ होतो. शीतयुद्धाच्या काळात साठवलेल्या ट्रिटियममधून अमेरिकी सरकारकडे या वायूचा साठा जमला होता आणि तो स्वस्तात विकला जात होता. त्यातूनच माइन्झची, ड्यूकची, व्हर्जिनियाची चित्रे निघाली. पुढे बॉम्ब कमी झाले म्हणून ट्रिटियम कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर बंदरांवर, सीमांवर चोरटे अणुइंधन पकडणारी यंत्रे बसू लागली. त्यांत हेलियम-३ लागतो. साठा झपाट्याने ओसरला. २००८-०९ च्या सुमारास खडखडाट झाला, लिटरमागे शंभर-दीडशे डॉलरचा भाव दोन हजारांच्या घरात गेला, आणि एप्रिल २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने ‘हे आधी कसे कळले नाही’ म्हणून सुनावणी घेतली. मला याचे नवल वाटत नाही. वडिलोपार्जित ठेव मोडून घरखर्च चालवणारे आणि तिला उत्पन्न समजणारे ग्राहक मी आयुष्यभर पाहिले. फरक एवढाच की इथे ग्राहक महासत्ता होती आणि रांगेच्या शेवटी श्वास मोजणारे डॉक्टर उभे होते.

त्यामुळे संशोधक पुन्हा ‘परक्या’कडे, झेनॉनकडे वळले. झेनॉनही दुर्मीळच, हवेच्या एक कोटी भागांत एक भागसुद्धा भरत नाही. पण हवा कुठेही आहे. पोलाद कारखान्यांसाठी हवेतून प्राणवायू वेगळा काढणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत तो उपउत्पादन म्हणून मिळतो. त्यातला सव्वीस टक्के झेनॉन-१२९ असतो आणि आपल्या कामाचा तोच. तो किरणोत्सारी नाही. जुन्या चाचणीत वापरतात तो झेनॉन-१३३ वेगळा. नावे सारखी म्हणून घाबरायला नको.

आणि मग या परक्याचा एक गुण कामी आला, जो हेलियममध्ये नाही. झेनॉन विरघळतो. म्हणून तर जास्त प्रमाणात दिला तर तो भूल देतो. चित्रासाठी दिलेल्या एका श्वासात भूल पडत नाही; फार तर क्षणभर गरगरल्यासारखे, झिणझिण्या आल्यासारखे होते, आणि त्या श्वासापुरता प्राणवायू कमी पडतो म्हणून रुग्णावर लक्ष ठेवतात. पण विरघळण्याचा फायदा असा: वायुकोशातून झेनॉन त्याच वाटेने रक्तात जातो ज्या वाटेने प्राणवायू जातो. वायुकोश आणि रक्त यांच्यामधला पडदा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. हवेत असताना झेनॉन एका सुरात बोलतो, पडद्यात शिरला की सूर थोडा बदलतो, तांबड्या पेशीत पोचला की आणखी थोडा. यंत्राला हे तीन सूर वेगवेगळे ऐकू येतात. म्हणजे हवा फुप्फुसात पोचली का, एवढ्यावर न थांबता ती पडदा ओलांडून रक्तात गेली का, हेही पाहता येते. श्वास घेण्याचा सारा खटाटोप ज्यासाठी, तो क्षण.

याचे महत्त्व कोविडनंतर कळले. रुग्णालयातून बरे होऊन घरी आलेली, सीटी स्कॅन निवळलेली, तरी जिना चढताना धापा टाकणारी माणसे आपण प्रत्येकाने पाहिली. २०२० मध्ये वुहानच्या संशोधकांनी आणि २०२१ मध्ये ऑक्सफर्ड व शेफील्डच्या मंडळींनी अशा रुग्णांना झेनॉन हुंगवला. पडद्यापलीकडे, रक्तात जाणारा झेनॉन कमी भरला. ऑक्सफर्डच्या त्या पहिल्या अभ्यासात रुग्ण नऊच होते आणि निष्कर्ष प्राथमिक आहेत असे लेखकांनी मथळ्यातच लिहिले होते. तेव्हा त्यावरून ढोल पिटण्याचे कारण नाही. पण ‘बरे झालात की आता, चालायला लागा’ असे ऐकून ऐकून कंटाळलेल्या त्या नऊ जणांना ते चित्र पाहून काय वाटले असेल, याची कल्पना मी करू शकतो.

हे सारे असूनही हा वायू औषध म्हणून मान्य व्हायला किती काळ लागला? १९९४ च्या त्या निबंधाच्या लेखकांत बास्टियान ड्रीहाउस नावाचा प्रिन्स्टनचा एक तरुण होता. प्रिन्स्टनच्या मंडळींनी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅममध्ये कंपनी काढली; ती अमरशॅम समूहाने घेतली; अमरशॅम २००४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने घेतली; आणि एवढ्या मोठ्या घरात या लहान पोराकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. शेवटी ड्रीहाउस यांनीच ‘पोलारियन’ ही कंपनी काढून वायू पेटवण्याचे तंत्र जनरल इलेक्ट्रिककडून परत मिळवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांचा अर्ज ऑक्टोबर २०२१ मध्ये त्रुटी काढून परत केला, जसे आम्ही कर्जाचे प्रस्ताव शंका विचारून परत करायचो. डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली: बारा वर्षांवरील रुग्णांसाठी, आणि हवा कुठवर पोचते एवढे पाहण्यापुरती. पडदा ओलांडण्याचे मापन त्या मंजुरीत नव्हते. उंदराच्या चित्रापासून मंजुरीपर्यंत अठ्ठावीस वर्षे. या काळात माझ्या हाताखाली आलेले शिकाऊ कारकून मुख्य व्यवस्थापक होऊन निवृत्तीच्या उंबरठ्यावर पोचले.

दिरंगाईचे सारे खापर सरकारी छाननीवर फोडणे सोपे आहे. मला ते पटत नाही. माणसाच्या छातीत जाणाऱ्या गोष्टीची छाननी कडकच हवी. वेळ गेला तो ‘यात पैसा किती’ या प्रश्नात. एमआरआयचे यंत्र आहे म्हणून हे जमते असेही नाही. झेनॉनच्या अणूचा सूर प्रोटॉनच्या सुराच्या साधारण पाव पट्टीत असतो. तो ऐकायला यंत्रात वेगळी सोय लागते, छातीभोवती बांधायची वेगळी कॉइल लागते, वायू पेटवायचे यंत्र लागते, आणि ते चालवणारा माणूस लागतो. दमेकरी आणि सीओपीडीचे रुग्ण जगभर सर्वाधिक आहेत ते गरीब घरांत, चुलीच्या आणि कारखान्यांच्या धुरात. खर्चाचा तक्ता मांडणाऱ्याला हे रुग्ण ‘बाजार’ म्हणून दिसत नाहीत. तिकडे मेंदूचे, हृदयाचे, गुडघ्याचे स्कॅन धो धो चालतात.

तरी या तंत्राने रुग्णांपलीकडेही काही देऊन ठेवले आहे, आणि घरात लहान मुले असलेल्यांनी ते जाणून घ्यावे. पाठ्यपुस्तकांत असे लिहिलेले असे, की मुलाचे वायुकोश दोन-तीन वर्षांपर्यंत तयार होतात. पुढे नवे होत नाहीत, आहेत तेच फुग्यासारखे मोठे होतात. इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये हे तपासून पाहिले. सात ते एकवीस वर्षांच्या शंभरावर निरोगी मुलामुलींना हेलियम-३ चा श्वास दिला. वायुकोशाच्या पोकळीत अणू किती दूर भटकू शकतात यावरून त्या पोकळीचा आकार कळतो. फुप्फुसे वयाबरोबर कित्येक पटींनी मोठी झाली होती, पण वायुकोशांचा आकार त्या मानाने फारसा वाढला नव्हता. याचा सरळ अर्थ, नवे वायुकोश तयार होत राहतात. शाळेत जाण्याच्या वयात, दहावी-बारावीच्या वयातही. ही पाहणी एक्स-रेने करता आली नसती. निरोगी मुलांवर विनाकारण किरण कोण सोडणार?

अभ्यासाच्या लेखकांना यात आशा दिसली: वेळेआधी जन्मलेल्या किंवा लहानपणी छातीच्या आजाराने गांजलेल्या मुलांचे नुकसान पुढे थोडे भरून निघू शकेल. मला त्याच पानावर दुसरी बाजूही दिसते. सकाळच्या शाळेच्या रिक्षात पुढच्या डिझेल टेम्पोच्या मागे अर्धा तास बसलेली, किंवा स्वयंपाकघरात आईशेजारी चुलीच्या धुरात अभ्यासाला बसलेली सातवी-आठवीतली मुलगी. तिची फुप्फुसे त्या वेळी अजून बांधली जात असतात.